अजून एक घाव

प्यो मल्जाला भट्टीत पाय ठेवायला बंदी होती. कानांना मात्र कुणी बंदी घातली नव्हती, आणि स्वयंपाकघराची भिंत मातीची होती, पातळ.

भिंतीपलीकडे तिचा बाप, प्यो दल्सू, जिंग घडवायचा. जिंग म्हणजे काशाची परातीएवढी थाळी. दोरीने धरायची आणि चिंध्या गुंडाळलेल्या काठीने वाजवायची. पेरणी असो, कापणी असो, पौर्णिमेचा सण असो, जिंग वाजल्याशिवाय डोंगरातल्या कुठल्याच गावात काम सुरू होत नसे. त्यांच्या नोत्गोल गावात तेव्हा अकरा भट्ट्या होत्या आणि दल्सूचं नाव त्या अकरांत वर होतं. हे कारागीर जिंगेच्या आवाजाला रडणं म्हणत. काठी पडली की आवाज आधी पोटातून उठला पाहिजे, मग डोंगरउतारासारखा खाली गेला पाहिजे, आणि विरता विरता शेवटी पुन्हा वर चढला पाहिजे. त्या शेवटच्या चढाला ते शेपूट म्हणत. घडवलेली जिंग गार झाली की बारीक हातोड्याने ठोकून ठोकून हे रडणं धरायचं असतं. ते धरणारा भट्टीत एकच असतो. बाकीचे घण मारतात, भाता ओढतात, आणि त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

मल्जा त्याची पाचवी मुलगी. आता तरी हा मुलींचा शेवट असू दे, म्हणून तिचं नाव 'शेवटची' अशा अर्थाचं ठेवलेलं. शेवट झाला खरा, पण मुलगाही झाला नाही.

ती अकरा वर्षांची होती. थंडीतल्या किमचीच्या लोणच्यासाठी मुळे चिरत बसली होती. पलीकडे दल्सूने नव्या जिंगेवर काठी टाकली. सगळे गप्प राहून आवाज विरण्याची वाट बघत होते, तेवढ्यात भिंतीअलीकडून खणखणीत शब्द आले.

"ही खोकतेय."

दल्सू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातात हातोडा तसाच.

"काय म्हणालीस?"

"खोकतेय. रडत नाहीये. उजव्या बाजूला कफ अडकलाय तिच्या."

मागे घणवाले फिदीफिदी हसले. दल्सूने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे.

"मुळे चीर," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्जाने ऐकलं, तो त्याच जिंगेची उजवी बाजू ठोकत होता.

त्यानंतर एक रीतच पडली. दल्सू जिंग वाजवायचा आणि थोडा वेळ थांबायचा. आवाज बरोबर असला तर मल्जा गप्प राहायची. नसला तर भिंतीवर पळी आपटायची. बापाने तिला कधी काही विचारलं नाही, तिनेही तोंडाने कधी काही सांगितलं नाही. जेवताना मात्र तो हमखास सामगोकची जिंग काढायचा. मल्जा जन्मायच्या आदल्या वर्षी सामगोक गावासाठी त्याने घडवलेली ती जिंग. "तीन टेकड्यांपलीकडे ऐकू जायची. शेपूट असं की माणूस जेवून उठला तरी चालूच. तशी पुन्हा झाली नाही. आणि तुम्ही लोक पळ्या आपटताय!" मल्जा खाली मान घालून सातूचा भात गिळायची. न ऐकलेली ती जिंग तिच्या कानात जाऊन बसली.

विसाव्या वर्षी तिचं लग्न भट्टीतल्याच दुसऱ्या घणवाल्याशी झालं. चो पान्दोल त्याचं नाव. हाडापेराने मजबूत, स्वभावाने हसरा, आणि सुराला ठार बहिरा. सूर चढला की उतरला हे त्याला जिंगेतही कळत नसे आणि बायकोच्या बोलण्यातही. त्यांना हेरान नावाची मुलगी झाली. सहा वर्षांनी दल्सू गेला. भट्टी पान्दोलकडे आली. तो ठोकायचा, मल्जा भिंतीपलीकडून पळी आपटायची, तो म्हणायचा, "बरी आहे की!" आणि जिंग गाडीत भरून पाठवून द्यायचा.

तो काळही वाईटच होता. घरोघरी स्टीलची भांडी आली होती, शेतांवर यंत्रं आली होती, जिंग वाजवणारी माणसं शहरांतल्या कारखान्यांत गेली होती. अकरातल्या आठ भट्ट्या विझल्या. आणि एका पावसाळ्यात पहिल्या घणवाल्याचा पाय घसरला, घण ऐरणीऐवजी पान्दोलच्या उजव्या हातावर पडला. तीन बोटं गेली.

तो दवाखान्यातून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी घणवाले अंगणात जमले. त्यांचा मोठा म्हणजे म्हातारा कू. दल्सूच्या बापाच्या हाताखाली शिकलेला.

"भट्टी विकून टाक, पान्दोल," कू म्हणाला. "रडणं धरणारा नाही, तर आम्ही घण मारून काय परातीच करायच्या?"

पान्दोल काही बोलायच्या आत मल्जा स्वयंपाकघरातून बाहेर आली. ओले हात पुसले, अंगण ओलांडलं आणि सरळ भट्टीत शिरली. बापाचा हातोडा खुंटीवर होता. तो काढून पुन्हा दारात आली.

"रडणं मी धरीन."

कोणीतरी थुंकलं. "हेरानची आई, बाईमाणसाचा पाय लागला की मूस तडकते."

"लागला ना आत्ता पाय? जा, बघून या तडकली का."

कोणी बघायला गेलं नाही. दोघेजण सामान उचलून गेले ते गेलेच. म्हातारा कू चार दिवसांनी परत आला. घरात बसून सुनेचं तोंड बघवत नाही म्हणाला. पण त्याने आधीच बजावून ठेवलं : "मी बाईच्या हाताखाली काम करणार नाही. मी पान्दोलच्या भट्टीवर आलोय." पुढची कित्येक वर्षं तो मल्जाशी एक शब्द बोलला नाही. ती हाताच्या अंतरावर उभी असली तरी तो पान्दोलकडे तोंड करून म्हणायचा, "पान्दोल, तुझ्या बायकोला सांग, मूस झाली."

दुसरा घण हवा होता. तो आला मल्जाच्या तिसऱ्या बहिणीच्या रूपाने. जोम्सुन तिचं नाव, नवरा वारलेला, वीस वर्षं भाताच्या वड्यांचं पीठ उखळात कांडून दंड झाडाच्या फांदीसारखे झालेले. ती आली, घण उचलून बघितला, म्हणाली, "एवढंच? मुसळ यापेक्षा जड होतं."

पान्दोल डाव्या हाताने भाता ओढू लागला. अशी ती चौघांची भट्टी पुन्हा पेटली.

कान असणं वेगळं आणि हात असणं वेगळं, हे मल्जाला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. कुठे चुकतंय ते तिला ऐकू यायचं. पण किती ठोकलं की ते सुटेल, हे हाताला ठाऊक नव्हतं. कासं गार असताना मोठं मानी असतं. एक घाव जास्त पडला की कडेपासून चर्रकन तडा जातो. मग ती जिंग फोडून पुन्हा मुशीत टाकायची, पुन्हा ओतायची, पुन्हा लाल करून चौघांनी बडवायची. मल्जाची जिंग तयार व्हायची, पान्दोल म्हणायचा, "झाली! वा!" जोम्सुन घाम पुसायची, आणि मल्जा म्हणायची, "अजून एक घाव." मग अजून एक. मग चर्र.

त्या हिवाळ्यात सदतीस जिंगा फुटल्या.

"पान्दोल," म्हातारा कू एके दिवशी म्हणाला, "तुझ्या बायकोला सांग, ही एकच जिंग मी पाचव्यांदा घडवतोय. आता तिला माझं नाव पाठ झालं असेल."

"अहो, त्यांना सांगा," मल्जा म्हणाली, "सहाव्यांदा घडवायची आहे, हात धुऊ नका."

गावातले लोक टोमणे मारत. ओढ्यावर कपडे बडवणाऱ्या बायका तिला बघून म्हणायच्या, "आली गं फोडणारी." ती त्यांच्यात बसून, त्यांच्यापेक्षा जोरात कपडे बडवून जायची. शेवटी फेब्रुवारीत अडतिसावी जिंग न फुटता रडली. शेपूट वर चढलं. त्या दिवशी कू पान्दोलकडे बघून म्हणाला, "तुझ्या सासऱ्याच्या हातची वाटते." मल्जाच्या कपाळाला आठी पडली. "त्यांना सांगा, सामगोकसारखी नाही."

हळूहळू हात बसला. तिच्या जिंगा आसपासच्या खोऱ्यांत जाऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी नाल्पो बंदरावरून बे पिल्दो नावाचा माणूस आला. कोळ्यांच्या वाजंत्री ताफ्याचा म्होरक्या. नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला बोटींची पूजा असते, त्यासाठी त्याला आठ जिंगा हव्या होत्या.

"पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हातात पाहिजेत, वहिनी. समुद्र आमच्यासाठी थांबत नाही."

"मिळतील."

आणि झाल्याही होत्या. सण पाच दिवसांवर असताना आठही जिंगा दोरीला टांगलेल्या होत्या. पान्दोलने गवतात बांधायला घेतल्या. मल्जाने एकेक वाजवून बघितली. तिसरी, सहावी आणि आठवी. तिघींचं शेपूट तिला आखूड वाटलं.

"या तीन सोडा."

"अगं, पाच दिवस राहिलेत. उद्या सकाळची बस आहे."

"असू दे."

"मला तर सगळ्या सारख्याच वाटतात."

"तुम्हाला मी आणि कोंबडीसुद्धा सारखीच वाटते."

तिने ठोकायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सहावी फुटली. तिसऱ्या दिवशी आठवी. तिसरी जिंग आधीपेक्षा चांगली झाली की वाईट, ते तिचं तिलाच सांगता येईना. सहा जिंगा घेऊन ती आणि पान्दोल नाल्पोला पोचले तेव्हा पौर्णिमा होऊन एक दिवस उलटला होता. किनाऱ्यावर जळालेल्या होळीची राख होती आणि पिल्दो जाळी आवरत होता. त्याने जिंगांकडे बघितलंही नाही.

"काल आमचा माणूस तेलाचा डबा वाजवत होता, ठाऊक आहे? तेलाचा डबा! अख्खं बंदर हसलं. माझा म्हातारा बाप रडला."

"जिंग चांगली व्हायला वेळ लागतो," मल्जा म्हणाली.

"चांगली कुणासाठी? आम्ही बोटीवर वाजवतो, वहिनी. वारा असतो, लाटा असतात, निम्मे लोक प्यालेले असतात. तुमच्या त्या शेपटाचं आम्ही काय करू, सुकवून खाऊ?"

त्याने सहाही परत पाठवल्या. बसमध्ये मल्जा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. घाट लागला तेव्हा पान्दोल म्हणाला, "त्याचं काही चुकलं नाही."

"म्हणजे? 'बरी आहे की' म्हणून काहीही देऊन टाकायचं का? तसं चालवलंत म्हणूनच भट्टी बसली तुमची."

"माझी बसली, कबूल. पण तू काय करतेयस? मेलेल्या बापाला अजून किती ठोकणार आहेस?"

बसमधले लोक वळून बघू लागले. मल्जाने त्यानंतर आठ दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं तर म्हाताऱ्या कूकडे तोंड करून सांगायची. कूची पंचाईत झाली, कारण त्याला तिच्याशी बोलायचं नव्हतं.

बर्फ वितळायला लागलं होतं, तेव्हा एक शेतकरी पाठीवर ओझं बांधून चालत आला. दोरीचं भोक फाटलेली एक जुनी जिंग त्याला दुरुस्त करून हवी होती. मल्जाने गोणपाट सोडलं. आतल्या बाजूला कोरलेलं होतं : सामगोक. खाली वर्ष. बापाच्या हातोड्याच्या खुणा तिने बोटाने ओळखल्या.

"तीच ना? तीन टेकड्यांपलीकडे जाते ती?" जोम्सुनने विचारलं.

शेतकरी हसला. "वारं आमच्या बाजूने असलं तर जाते एक टेकडी."

मल्जाने ती दोन्ही हातांनी टांगली. काठी घेतली. तिने काठी टाकली.

आवाज पोटातून उठला. भरदार, गरम. खाली उतरला. शेवटी थोडासा वर चढला आणि संपला.

मल्जाने पुन्हा वाजवली. मग तिसऱ्यांदा. मग ती मटकन कोळशाच्या टोपलीवर बसली.

"काय झालं?" पान्दोलने आठ दिवसांचा अबोला विसरून विचारलं.

"आखूड आहे," ती म्हणाली. "नाल्पोच्या तिसरीपेक्षा आखूड आहे. मी फोडलेल्या सदतीसांतल्या निम्म्या याच्यापेक्षा बऱ्या होत्या." मग तिचा आवाज चढला. "बघा, इथे बघा, या खुणा! इथे थांबला तो. इथून पुढे घाव नाही. त्याला ऐकू येत होतं, शंभर टक्के येत होतं, आणि थांबला! आणि आम्हाला आयुष्यभर ताटावर बसून घाबरवत राहिला! अरे लबाड म्हाताऱ्या!"

ती शिव्या देत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मध्येच हसू फुटत होतं. बिचाऱ्या शेतकऱ्याला कळेना की आपलं काय चुकलं. तो भीत भीत म्हणाला, "बाई, जिंग चांगली आहे हो आमची. पस्तीस वर्षं वाजवतोय. हिच्यावर माझं लग्न झालं, बापाची तिरडी निघाली."

"चांगलीच आहे," मल्जा नाक पुसत म्हणाली. "कोण म्हणतं नाही?"

तिने भोक बुजवलं, नवं पाडलं, नवी दोरी ओवली. घाव मात्र एकही घातला नाही.

त्यानंतर तिने एक पद्धत बसवली. जिंग तिच्या मनासारखी होत आली की ती हातोडा खुंटीला लावायची आणि चालत ओढ्यापलीकडे जायची. दीडशे-दोनशे पावलं. तिथून हात वर करायची, की पान्दोल भट्टीच्या दारात जिंग वाजवायचा. शेपूट ओढा ओलांडून तिच्यापर्यंत चढत आलं, तर जिंग झाली. नाही आलं, तर परत जाऊन ठोकायची. पण परत येईपर्यंत हाताची खाज गेलेली असायची, आणि कुठे ठोकायचं तेवढंच डोक्यात उरायचं. काही जिंगांसाठी ती ओढा चौदा-चौदा वेळा ओलांडायची. बर्फात, चिखलात. ढिलाई तिने कधीच केली नाही. एकदा पान्दोलने ऐकू न आलेली जिंग गुपचूप गवतात बांधली, तेव्हा तिने ती बसच्या टपावरून उतरवून आणली होती. पण जिंगा फुटायच्या थांबल्या. आणि ज्या दिवशी द्यायच्या त्या दिवशी दिल्या जाऊ लागल्या.

मग एक दिवस ग्रामकचेरीतला कारकून सांगत आला की प्रांताची समिती जुन्या कारागिरांना मान्यतेचं पत्र देणार आहे, नोत्गोलमधून तुमची भट्टी कळवली आहे. मार्च महिन्यात जीप आली. तीन परीक्षक होते. त्यांचे प्रमुख प्राध्यापक हान, चकचकीत बूट, हातात टेपरेकॉर्डर. कारकुनाने कागद वाचायला घेतला.

"कारागीर : चो पान्दोल. मदतनीस : पत्नी."

मल्जा काही बोलणार, त्याआधी पान्दोल पुढे झाला आणि त्याने उजवा हात त्या कागदावर ठेवला. दोन बोटांचा.

"साहेब, या हाताने मला चॉपस्टिक धरता येत नाहीत. मला अजून सूर म्हणजे काय ते कळत नाही. मी भाता ओढतो. मदतनीस मी आहे."

"नोंद कुटुंबप्रमुखाच्या नावाने असते," कारकून पुटपुटला.

"मग कुटुंबप्रमुखालाच परीक्षा द्यायला सांगा," मल्जा म्हणाली, "आम्ही तोवर जेवून घेतो."

प्राध्यापक हान जरा हसले. "ठीक आहे. नावाचं मागाहून बघू. आधी काम दाखवा."

तिने काम दाखवलं. सकाळपासून चौघांनी मिळून जिंग घडवली. तीन वाजता तिने बारीक हातोडा घेतला. तासभर ठोकलं, ऐकलं, पुन्हा ठोकलं. मग हातोडा खुंटीला लावून ओढ्यापलीकडे गेली, आली, पाच-सात घाव घातले, पुन्हा गेली. परीक्षक घड्याळं बघत होते. तिसऱ्यांदा परत आल्यावर ती म्हणाली, "झाली."

हाननी यंत्र जिंगेजवळ धरलं. वाजवायला लावली. मान तिरकी करून ऐकलं.

"उत्तम. पण शेपूट किंचित आखूड आहे. अजून दोन घाव घाला."

"नाही."

"काय?"

"झाली आहे ती. इथे हातभर अंतरावरून काय कळणार? जिंग शेतात वाजते. ओढ्यापलीकडे चला, तिथून ऐका."

हाननी ओढ्याकडे बघितलं. काठाला घोट्याएवढा चिखल होता. "बाई, ही परीक्षा आहे. परीक्षक सांगतील तसं करायचं असतं."

म्हाताऱ्या कूने घण खाली ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो थेट तिच्याकडे बघून बोलला. "घाल ना दोन घाव, पोरी. काय जातंय?"

मल्जाने खुंटीवरचा हातोडा काढला. हान समाधानाने मागे सरकले. तिने तो हातोडा त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही घाला. फुटली तर मी पुन्हा घडवीन. पण घाव तुमचा असेल."

हाननी हात पाठीमागे घेतले. तिने दुसऱ्या परीक्षकापुढे धरला, मग तिसऱ्यापुढे. मग पान्दोलला म्हणाली, "अहो, वाजवा." आणि पान्दोलने असा दणका दिला की छपरावरची चिमण्यांची रांग उडाली. ओढ्यापलीकडे जीपचा ड्रायव्हर सिगारेट ओढत उभा होता. आवाज विरल्यावर तो तिकडून ओरडला, "वा! काकू, एकदा अजून होऊन जाऊ द्या की!"

हाननी टेपरेकॉर्डर बंद केला.

संध्याकाळी जेवताना जोम्सुनने विचारलं, "खरं सांग. आखूड होतं का?"

"होतं किंचित."

"मग?"

"मग काय? दोन घावांत लांबलं असतं, नाहीतर फुटलं असतं. मी आयुष्यभर त्या दोन घावांच्या मागे पळाले, ताई. कधी थांबायचं हे ठरवायला मी सदतीस जिंगा फोडल्या आहेत. ते आता कुणी बूट घालून येऊन मला शिकवायचं नाही."

दोन महिन्यांनी पत्र आलं. उमेदवाराने परीक्षेत सहकार्य न केल्याने विचार करता येत नाही. कागद मात्र चांगला जाड होता. मल्जाने तो भात्याच्या चिरलेल्या कातड्यावर खळीने चिकटवला, आणि हवा गळायची थांबली.

पुढे बारा वर्षं गेली. म्हातारा कू वारला. त्याच्या तिरडीपुढे मल्जाने स्वतः जिंग वाजवली. शहरांतल्या शाळा-कॉलेजांत पुन्हा वाजंत्रीचे ताफे निघू लागले, परदेशी नाचायला जाऊ लागले, आणि नोत्गोलची जिंग हवी म्हणून माणसं डोंगर चढून यायला लागली. पिल्दोचा मुलगाही एक वर्ष आला आणि बापाने सांगितलंय म्हणून आठच जिंगा मागून गेला. त्या त्याला वेळेच्या चार दिवस आधी मिळाल्या.

मग पुन्हा समिती आली. माणसं नवी होती. न कळवता आली, आणि नेमक्या त्या दिवशी मुशीत कासं वितळलेलं होतं.

"दुपारी जेवून या," मल्जाने भट्टीतूनच सांगितलं. "आता तोंड फिरवलं तर माल वाया जाईल."

ती माणसं खरोखर ओसरीवर बसून राहिली. पान्दोलने त्यांना बकव्हीटच्या पिठाच्या वड्या आणि माक्कोली ही तांदळाची दारू दिली, आणि आपला हात कसा चिरडला याची गोष्ट तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितली. दुपारी मल्जा त्यांना ओढ्यापलीकडे घेऊन गेली. या वेळी सगळे आले. एकाचा बूट चिखलात रुतून राहिला, तो त्याने हसत हसत उपसून काढला.

पत्र शरद ऋतूत आलं, लाल शिक्क्याचं. त्यावर नाव होतं प्यो मल्जा. तिने आधीच कळवलं होतं की भट्टी चौघांची आहे, चार नावं लिहा. कचेरीतून उत्तर आलं होतं की नियमात एकाच नावाची जागा आहे. म्हणून तिने हेरानचं शाळेतलं पेन शोधून काढलं, जमिनीवर पालथी पडली आणि लाल शिक्क्याखाली आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात तीन नावं लिहिली. जोम्सुन. पान्दोल. कू.

"मी कुठाय?" जोम्सुनने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मल्जाने कोळशाने काळं झालेलं नख त्या नावाखाली टेकवलं. जोम्सुनने त्या नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "छोटं लिहिलंयस."

पुढच्या वर्षी कचेरीचा माणूस तपासणीला आला. भिंतीवरचा कागद बघून तो दचकला.

"आजी, हे काय केलंत? शासकीय पत्रावर असं लिहिलं की ते रद्द धरतात."

"मग न्या परत."

तो कागदाजवळ गेला. वाकून चारी नावं वाचली. बाहेर भाता सुरू झाला, जोम्सुनने घण उचलल्याचा हुंकार ऐकू आला.

"लवकर ठरवा," मल्जा कपड्यांना हात पुसत म्हणाली. "मला काम आहे."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं, टोपी घातली आणि कागद भिंतीवर तसाच ठेवून तो बसकडे निघाला.